जावयाचा संडास

आमच्या गावाकडच्या घरातली सगळ्यात देखणी खोली कुठली, असं कुणी विचारलं तर मी संडास दाखवीन. घर साधं, पत्र्याचं. स्वयंपाकघराच्या भिंती धुरानं काळ्या झालेल्या, पडवीत ज्वारीची पोती, आणि न्हाणी म्हणजे चार शहाबादी फरश्या नि जुन्या लुगड्याचा पडदा. संडासाला मात्र निळ्या टाइल्स, बाहेरून गुलाबी रंग, लोखंडी दार आणि दाराला पितळी कुलूप. दारावर पेंटरकडून 'सुस्वागतम्' लिहून घेतलेलं. ते लिहून घेणारा माणूस माझा बाप होता, आणि त्यावर हसावं की रडावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हा संडास माझ्या नवऱ्यासाठी बांधला.

माझं माहेर सोलापूरपासून लांब नाही. पुण्याच्या रस्त्यानं चिंचोळी एमआयडीसी ओलांडली की पुढं फाटा लागतो, तिथून थोडं आत. मी शहरातच, जुळे सोलापूर भागात राहते, एका शाळेत शिकवते. लग्न झाल्यावर नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा घरात संडास नव्हता. सकाळी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोठ्या प्रेमानं त्याच्या हातात पाण्यानं भरलेलं टमरेल दिलं आणि सांगितलं, "वढ्याकडं जावा, तितं निवांत हाय." नवरा शहरातल्या फ्लॅटमध्ये वाढलेला. टमरेल घेऊन तो कोपऱ्यापर्यंत गेला. तिथं भेटेल त्यानं 'रामराम पाव्हणं' केला, कुणी मुक्काम किती म्हणून विचारलं, आणि हा होता तसा परत आला. मग 'पेट्रोल भरून येतो' म्हणून मोटारसायकल काढून थेट हायवेच्या पंपावर गेला. दुसऱ्या सकाळीही त्याला पेट्रोल भरायचंच होतं. पंपावर आमच्याच गावचा एक माणूस कामाला होता. त्यानं संध्याकाळी पारावर सांगून टाकलं की तुमचा जावई पेट्रोल भरायला येत नाही, रिकामा व्हायला येतो.

आबांना ते फार लागलं. दोन दिवस ते पाराकडं फिरकले नाहीत.

मी लहानपणापासून त्याच ओढ्याला जात होते. आई तर सून म्हणून आली तेव्हापासून जात होती. त्याची लाज कधी कुणाला वाटल्याचं मला आठवत नाही. बायकांनी पहाटे तोंड ओळखू येणार नाही अशा वेळी जायचं, नाहीतर दिवेलागण झाल्यावर. मध्येच पोटात कळ आली तर ती सोसायची. पावसाळ्यात ओढ्यात उतरता येत नसे, मग रस्त्याच्या कडेला बसायचं, गाडीचा उजेड आला की उठून उभं राहायचं, गाडी गेली की परत बसायचं. हे मला आईनं शिकवलं, जसं भाकरी थापायला शिकवलं तसंच, हाताला धरून. इतकी वर्षं घरातल्या बायका अशा उठबशा काढत होत्या तेव्हा घराण्याची अब्रू शाबूत होती. जावई पंपावर गेला आणि ती गेली.

त्याच वर्षी धोंड्याचा महिना आला. हा अधिक महिना म्हणजे जावयाच्या मानाचा. त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आहेर करायचा. लोक जावयाला कपडे करतात, ऐपत असली तर अंगठी करतात. आबांनी संडास केला.

सरकारी योजना गावात आलेलीच होती, त्यात आबांनी नाव घातलं. जागेचा प्रश्न निघाला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "मागं परसात घ्या की, लिंबाखाली. आडोसा बी हाय."

"मागं कोन बगनार?" आबा म्हणाले.

म्हणून तो पुढं झाला, रस्त्याला लागून, पाराच्या अगदी समोर. पारावर दिवसभर बाप्ये बसलेले असतात. त्यांत आईचे धाकटे दीर, थोरले भाया, गावातले सगळे वडीलधारे. आमच्याकडं बाई पारावरून जाताना डोक्यावरचा पदर सावरून, खाली मान घालून जाते. तिनं त्या सगळ्यांच्या देखत पाण्याची बादली घेऊन त्या गुलाबी दारातून आत जायचं आणि बाहेर यायचं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. बांधणाऱ्याच्याही नाही. भिंती उभ्या राहिल्या तेव्हाच तो आईचा राहिला नव्हता.

मग खड्ड्याचं निघालं. ग्रामसेवकानं सांगितलं होतं की दोन खड्डे घ्या, एक भरला की दुसरा वापरा, पहिल्याचं वर्ष-दोन वर्षांत खत होतं, वास येत नाही, ते रानात टाका. आबा भडकले. "ज्या रानाची जवारी खातो त्या रानात ह्ये घालायचं व्हय?"

"सगळं गाव रोज सकाळी रानात दुसरं काय घालून येतं?" मी विचारलं.

"चार बुकं शिकलीस म्हनून कायबी बोलू नगंस," आबा म्हणाले, आणि एकच खड्डा घेतला.

तो भरला तर उपसायचा कुणी, याचं उत्तर गावानं मनात धरलेलंच होतं. पिढ्यान्‌पिढ्या घाणीचं काम ज्यांच्या माथी मारलं त्यांनीच हेही करायचं, यात विचारण्यासारखं काय आहे, असं सगळ्यांना वाटत होतं. पण ग्रामसभेत बौद्ध वस्तीतला एक जण उभा राहिला. एमआयडीसीत कामाला जाणारा, शर्ट खोचलेला. तो शांतपणे म्हणाला, "ज्याचा खड्डा त्यानं उपसायचा. आमच्या आज्यानं लई उपसलं. आमी न्हाय." बरं झालं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण त्या दिवसापासून गावाच्या डोक्यात खड्ड्याची धास्ती बसली. खड्डा भरणार, आणि मग त्यात आपल्यालाच उतरावं लागणार. त्यावर गावानं काढलेला तोडगा असा, की खड्डा भरूच द्यायचा नाही. संडास बांधून झाले, फोटो काढून झाले, आणि कुणी त्यात कडबा ठेवला, कुणी कोंबड्या. आमचा मात्र रिकामा राहिला. आबा म्हणायचे, आपला पाव्हण्यांचा आहे.

धोंडे जेवायला आम्ही गेलो तेव्हा दाराला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. आत नवीन बादली, नवीन मग, कागदातून न काढलेला साबण. सकाळी आबांनी कमरेच्या करदोड्याला बांधलेली किल्ली सोडून कुलूप काढलं आणि म्हणाले, "या जावईबापू." अख्खी भावकी पारावर बसलेली. नवरा आत गेला आणि बराच वेळ बाहेर येईना. त्यानं नंतर मला सांगितलं की आत तो नुसता उभा होता, बाहेर लोक त्याच्याविषयीच बोलत होते. तरीही तो बाहेर आला तेव्हा आबांचा चेहरा फुलला होता. आम्ही निघाल्यावर त्यांनी स्वतः आतून धुऊन घेतलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली परत करदोड्याला बांधली.

मी आईला विचारलं होतं, "तू कधी जाणार यात?"

"आपल्याला काय, रान हाय की," आई हसून म्हणाली. आबा स्वतःही रानातच जायचे, हे मी मान्य करते. पण आबांना दिवसातून कधीही जाता यायचं.

पुढं गाव हागणदारीमुक्त झालं. फाट्यावर तशी मोठी पाटी लागली. त्या पाटीचा एक उपयोग मात्र झाला, बायकांना आडोसा मिळाला. मग तालुक्याहून फर्मान निघालं की पहाटे पथक फिरवा, उघड्यावर बसणाऱ्यांना शिट्टी वाजवून उठवा आणि गुलाबाचं फूल देऊन लाजवा. गुड मॉर्निंग पथक म्हणायचे त्याला. गावच्या समितीत आबांचं नाव पहिलं, कारण गावातला सगळ्यात चांगला संडास त्यांचा. गळ्यात शिट्टी अडकवून ते पहाटेच निघायचे. आईच्या आधी निघायचे.

आई त्यांना एकदा सापडली.

हे मला आईनंच सांगितलं, बऱ्याच दिवसांनी, आणि हसत हसत सांगितलं. पाटीमागं चौघीपाचजणी होत्या. शिट्टी वाजली, बॅटरीचा उजेड पडला. सगळ्या उठून तोंडावर पदर ओढून उभ्या राहिल्या. तालुक्याचा साहेब होता, फोटो काढणारा होता, आणि टोपलीत फुलं घेतलेले आबा. ते एकेकीच्या हातात फूल देत आले. आईसमोर आले.

"त्येंनी वळकलं का तुला?" मी विचारलं. आईशी बोलताना माझी भाषा आपसूक गावाकडची होते.

"वळकनार न्हाईत व्हय? लुगडं त्येंनीच आनल्यालं."

"मग?"

"मग काय? दिलं की फूल. सगळ्यास्नी दिलं, मला बी दिलं." ते फूल तिनं घरी आणलं. असल्या जागेवरचं म्हणून देवाला वाहता येईना, आणि फूल आहे म्हणून टाकवेना. शेवटी शेळीपुढं टाकलं. "शेळीनं खाल्लं बाई, काट्यासकट," असं सांगताना आईला हसू आवरत नव्हतं. मला तिचा राग आला होता. आबांचा तर आलाच होता, पण तिचा जास्त आला होता.

त्या दिवसापासून आईनं पाणी तोडलं. दुपारी भाकरीबरोबर घोटभर, संध्याकाळी तेही नाही. पथकाचं फिरणं थोड्याच दिवसांत बंद पडलं, कारण साहेबांनाही झोप प्यारी असते. पण आईची लागलेली सवय सुटली नाही. कोरडं राहायचं, धरून ठेवायचं. लघवीला जळजळ व्हायची, थंडी वाजून ताप यायचा. ती धने भिजवून त्याचं पाणी प्यायची, तेही चमचाभर, आणि कुणाला सांगायची नाही. असल्या गोष्टी कुणाला सांगतात का?

पायांवर सूज आली तेव्हा मी तिला सोलापूरला आणलं. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि आईला विचारलं, "मावशी, पाणी किती पिता?"

"पिते की."

"किती?"

आई माझ्याकडं बघायला लागली. "लागल तसं," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. पाणी कमी, लघवी धरून ठेवणं आणि पुन्हा पुन्हा होणारा जंतुसंसर्ग यांनी दोन्ही मूत्रपिंडं दुखावली होती. गेलेलं परत येणार नव्हतं, राहिलेलं सांभाळायचं होतं. दिवसभर पाणी प्यायचं आणि लागली की लगेच जायचं, एवढंच पथ्य. नाहीतर पुढं डायलिसिस. शेवटी त्यांनी विचारलं, "घरी संडास आहे ना?"

"आहे," मी म्हणाले. "टाइल्सचा आहे."

महिनाभर आईला जुळे सोलापुरात ठेवून घेतलं. फ्लॅटमध्ये संडास हॉलला लागून, आणि हॉलमध्ये नवरा चहा पीत पेपर वाचायचा. पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आई सकाळपासून खाटेवर पाय आवळून बसून आहे. नवरा ऑफिसला निघाला, खाली त्याच्या गाडीचा आवाज झाला, आणि आई उठून जवळजवळ पळत गेली. मी चिडले तर म्हणाली, "जावयाच्या म्होरनं कसं जायाचं ग?" नवऱ्याला हे कळल्यावर तो बिचारा चहा झाला की उगाच खाली जाऊन गाडी पुसत बसायचा. त्या महिन्यात आमची गाडी कॉलनीत सगळ्यात स्वच्छ होती. आई तांब्याभर पाणी पिऊ लागली. सूज उतरली, तोंडावर तेज दिसायला लागलं. एवढं साधं औषध होतं ते.

गावी पोचवायला गेले तेव्हा मी आबांना पारावरच गाठलं. चारचौघांत बाईनं असल्या विषयावर बोलू नये, म्हणूनच चारचौघांत बोलले. "आबा, किल्ली आईला द्या. नाहीतर मी तिला परत नेते, आणि जावयालाही परत आणत नाही."

आबा गोंधळले. त्यांना खरंच कळलं नव्हतं, असं मला आजही वाटतं. "तिनं मागितली का कधी?" ते म्हणाले. "मागितली आसती तर दिली आसती की."

आई दारात उभी होती. आत गेल्यावर म्हणाली, "मागू कशी? समद्या बाप्यांत जाऊन किल्ली द्या म्हनू? म्हंजी गावाला कळावं मी कुटं चाललीया?"

आबांनी त्यानंतर किल्ली खुंटीला अडकवून ठेवली. चार दिवस आई गेली, भर दुपारी, पार रिकामा असताना. पाचव्या दिवशी कुठले पाहुणे आले, त्यांच्यासाठी कुलूप काढलं, लावलं, आणि सवयीनं किल्ली करदोड्याला गेली. फोनवर मी रोज विचारायची, "पाणी पितेस ना?" ती म्हणायची, "पिते की." शाळेत मी पोरांना हात कसे धुवायचे ते शिकवत होते, पोरं एका सुरात म्हणत होती, आणि मला माझ्याच धड्याची चीड येत होती.

गेल्या हिवाळ्यात आबा रानातच गेले, बांधावर बसल्या बसल्या. मी पोचले तेव्हा पुरुषमंडळी अंगणात त्यांना अंघोळ घालत होती. रीतीप्रमाणं कमरेचा करदोडा तोडला तशी किल्ली फरशीवर पडली. चुलत्यांनी ती उचलली, धुतली आणि आत आणून आईच्या पुढ्यात ठेवली. आई तिच्याकडं बघत राहिली. थोड्या वेळानं बायकांनी तिच्या गळ्यातलं डोरलं उतरवलं.

दिवसांना सगळे नातेवाईक आले आणि संडास पहिल्यांदा दिवसभर उघडा राहिला. सुस्वागतम् लिहिलेल्या दाराची कधी नव्हे इतकी उघडझाक झाली. बायकाही गेल्या, कारण दुखवट्याच्या घरी कोण कुणाकडं बघतं? आईनं मात्र रडण्यातून उसंत काढून एका पुतण्याला खड्ड्याचं झाकण उचलायला लावलं. "भरला का बग रं."

"काकू, अजून तळ दिसतोय," तो म्हणाला. "तुमच्या जन्मात भरायचा न्हाय."

मला केवढं बरं वाटलं. बाप गेल्याच्या दुःखात मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आईला म्हटलं, माझ्याकडं चल. ती म्हणाली, शेळ्या कोण बघणार? मग म्हटलं, आता किल्ली तुझी, कुणाला मागायची नाही, कुणाला विचारायचं नाही, पाणी पी. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून "व्हय" म्हटलं.

परवा नवऱ्याला घेऊन गेले. दाराला कुलूप होतं, पितळ घासून लख्ख केलेलं. सकाळी आईनं मानेवरचा पदर सरकवून गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला. डोरल्याच्या जागी किल्ली होती. तिनं कुलूप काढलं, आत पाण्याची बादली भरून ठेवली आणि दारातून बाजूला होत म्हणाली, "या जावईबापू."

तो बाहेर आल्यावर तिनं आत दोन बादल्या पाणी मारलं, दार लावलं, कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं. मग पडवीतलं टमरेल उचललं.

"आई, कुठं निघालीस? किल्ली तुझ्या गळ्यात आहे की!"

"व्हय," ती म्हणाली. "म्हनून तर जपाया पायजे. मी रोज गेली तर भरंल. भरल्यावर उपसायला कोन हाय आता? तुमी येताय, उद्या नातवंडं मोटी व्हतील, त्यास्नी कुटं धाडू?"

मी ओरडले, काय काय बोलले ते आता आठवत नाही. नवरा मान खाली घालून अंगणात उभा होता. आईनं शांतपणे ऐकून घेतलं, आणि लेक तापट आहे म्हणून थोडी हसली. दाराशी तिच्या चपला होत्या. तिनं एक पाय घालून बघितला, दुसरा बघितला. पाय पुन्हा सुजले होते, पट्ट्यात जात नव्हते. चपला तिथंच सोडून, गुडघ्यावर हात ठेवत, ती अनवाणी ओढ्याकडं गेली.